डावा कान

"नवरा-बायकोचं भांडण घरात झालं, तर त्यात डॉक्टरांचं काय काम? पोलीस आहेत, कोर्ट आहे, नाहीतर माहेर आहे. डॉक्टरांनी टाके घालावेत, गोळ्या लिहून द्याव्यात." असं म्हणणारे सगळेच निष्ठुर नसतात. पुष्कळदा स्वतः डॉक्टरच असं म्हणतात, कारण ओपीडीबाहेर साठ माणसांची रांग असते आणि वैद्यकीय शिक्षणात या विषयावर त्यांच्याशी कुणी धड बोललेलं नसतं. या प्रश्नाचं उत्तर आपण एका कानापासून शोधू.

१. कानात काडी गेली

समजा, तालुक्याच्या रुग्णालयात कान-नाक-घशाच्या ओपीडीत एक बाई आली आहे. तिला मंदा म्हणू. (ही मंदा कुणी एक खरी बाई नाही, गोष्ट समजावी म्हणून रचलेली आहे.) वय तिशीच्या आत. दोन दिवसांपासून डावा कान ठणकतो, त्या बाजूने कमी ऐकू येतं, आत शिट्टीसारखा आवाज येत राहतो. काय झालं? "कान कोरताना काडी गेली." हे उत्तर तिच्या शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याने दिलं.

डॉक्टर आत डोकावतात. पडद्याला भोक आहे, कडा वेड्यावाकड्या फाटल्या आहेत, थोडं रक्त साकळलंय. काडीनेही असं होऊ शकतं. पण काडी आत जाताना वाटेत कुठेतरी नळीला खरचटते, आणि इथे नळीची कातडी साफ आहे.

कानाचा पडदा फाटण्याचं आणखी एक नेहमीचं कारण असतं. उघड्या पंजाची थप्पड नेमकी कानावर बसली की नळीतली हवा एकदम दाबली जाते. तिला बाहेर पडायला वाट नसते. कागदी पिशवी फुगवून दोन तळहातांत फोडली की काय होतं ते आठवा. पडद्याचं तेच होतं. आता आणखी एक साधी गोष्ट. बहुतेक माणसं उजव्या हाताची असतात. समोर उभं राहून उजव्या हाताने मारलेली थप्पड समोरच्याच्या डाव्या गालावर, डाव्या कानावर बसते. थपडेने फाटलेले पडदे बहुतेक डाव्या कानाचेच का, याचं उत्तर एवढं सोपं आहे.

म्हणजे डॉक्टरांकडे आता तीन धागे आहेत: डावा कान, न खरचटलेली नळी आणि बायकोच्या दुखण्याबद्दल स्वतःच बोलणारा नवरा. यांतला एकही पुरावा नाही. तिन्ही मिळूनही पुरावा नाही. पण मंदाशी एकटीशी दोन मिनिटं बोलायला एवढं कारण पुरेसं आहे.

२. ती दवाखान्यातच का येते?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांना घरी जाऊन हे विचारलं होतं. नवऱ्याकडून कधी ना कधी मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती झाल्याचं देशभरात सुमारे २९ टक्के जणींनी सांगितलं. महाराष्ट्रात सुमारे २५ टक्के जणींनी. मला त्याहून मोठा वाटतो तो पुढचा आकडा. हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के जणींनी कुणाकडे तरी मदत मागितली. ७७ टक्के जणींनी मदतही मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपण मुलींना लहानपणापासून शिकवतो, त्या शिकतात.

जी पोलीस चौकीची पायरी चढणार नाही, जिला माहेरी सांगायची चोरी आहे, ती दवाखान्यात मात्र येते. कानासाठी येते, पाळीच्या तक्रारीसाठी येते, बाळाच्या लसीसाठी येते. "कुठे चाललीस?" या प्रश्नाला "दवाखान्यात" हे असं उत्तर आहे की त्यावर सहसा पुढचा प्रश्न येत नाही.

थोडा हिशेब करू. एका स्त्रीरोग ओपीडीत दिवसाला ४० विवाहित बायका येतात असं धरा. महाराष्ट्राच्या सरासरीने त्यांतल्या सुमारे १० जणींनी आयुष्यात कधीतरी नवऱ्याचा मार किंवा जबरदस्ती सोसलेली असणार. सगळ्यांना आज मार बसतो असं नाही, काहींची ती वर्षं सरलेली असतील. तरीही "माझ्या वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये अशी केसच आली नाही" असं म्हणणाऱ्या डॉक्टरांसमोर अशा बायका हजारो वेळा बसून गेल्या आहेत.

३. भिंतीची ओल

पावसाळ्यात भिंतीवर ओलीचा डाग येतो. आपण रंगारी बोलावतो, डाग झाकतो. पुढच्या पावसाळ्यात डाग हातभर पुढे येतो. रंगाऱ्याचं काम चोख असतं, फक्त वर गच्चीत फुटलेल्या पाइपाकडे कुणी पाहिलेलं नसतं.

दवाखान्यात दिसणाऱ्या खुणांचंही तसंच आहे. मारहाणीची सरळ खूण म्हणजे जखम, आणि जखमांची एक तऱ्हा असते. अपघाताने पडणारा माणूस हात टेकतो. त्याचे तळवे, गुडघे, कोपरं फुटतात. मार खाणाऱ्या बाईच्या जखमा चेहरा, डोकं, मान, छाती, पोट अशा मधल्या भागात जास्त दिसतात. पुष्कळदा कपड्यांनी झाकल्या जातील अशा जागी. वार अडवायला हात वर केला, तर कोपरापासून करंगळीपर्यंतच्या कडेवर वळ उठतात. एक जखम ताजी, दुसरी खपली धरलेली, तिसरी बरी होत आलेली असं दिसलं, तर "काल घसरले" या एका वाक्यात त्या तिन्ही बसत नाहीत. जखम आणि हकिकत जुळत नसेल, किंवा हाड मोडून तीन दिवसांनी रुग्ण येत असेल, तर तिथे थांबायला हवं.

पण बहुतेकींच्या अंगावर काहीच दिसत नसतं. ओटीपोटात सतत दुखतं आणि सोनोग्राफीत काही सापडत नाही. डोकं दुखतं, झोप लागत नाही, छातीत धडधडतं. मूत्रमार्गाचा किंवा गुप्तरोगाचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो, कारण 'नको' म्हणायची सोय नसते. एकामागून एक गर्भपात होतात. चांगल्या चाललेल्या गोळ्या मध्येच बंद होतात, कारण पैसे त्याच्या खिशात असतात. (२००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने मारहाण आणि लैंगिक छळासोबत टोमणे, अपमान आणि पैशांची अडवणूक यांनाही हिंसाच म्हटलं आहे.) ग्रामीण भागात आणखी एक वाक्य कानावर येतं: "तिने औषध घेतलं." औषध म्हणजे पिकावर फवारायचं. नातेवाईक "चुकून घेतलं" म्हणतात, पोट धुतलं जातं, पाच दिवसांनी घरी पाठवलं जातं. त्या पाच दिवसांत कुणी तिच्या खाटेपाशी बसून विचारलं का, की चुकून म्हणजे कसं?

इथे एक सावधगिरी. ओटीपोट दुखणारी प्रत्येक बाई मार खाते असं नाही. खूण दिसली म्हणजे विचारायचं, निदान ठरवून मोकळं व्हायचं नाही.

मग सरसकट सगळ्यांनाच का विचारू नये? हा प्रश्न वाजवी आहे आणि यावर मोठ्या चाचण्या झाल्या आहेत. सरसकट विचारलं की जास्त बायका 'सापडतात', पण त्यामुळे त्यांचं आयुष्य सुधारतं असं दिसून आलं नाही. खिडकीवर केस पेपर काढताना वय, पत्ता आणि "घरी मारतात का?" हे एका दमात विचारलं, तर 'नाही' हेच उत्तर येणार. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची २०१३ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की खुणा दिसतील तिथे विचारा, आणि विचारण्याआधी आडोसा, थोडं प्रशिक्षण आणि पुढे पाठवायची जागा एवढं तरी हाताशी असू द्या.

४. विचारायचं कसं

पहिली अट एकान्ताची. नवऱ्यासमोर नाही, सासूसमोर नाही, बोलू लागलेल्या मुलासमोरही नाही. भाषेची अडचण असेल तर सोबत आलेल्या नातेवाइकाला दुभाषी करायचं नाही.

नवऱ्याला बाहेर कसं काढायचं? "तुम्ही जरा बाहेर थांबा" म्हटलं की संशयी माणूस सावध होतो आणि त्याचा हिशेब घरी चुकता होतो. अनुभवी सिस्टरकडे यावर साधे उपाय असतात. "लघवी तपासायला द्यायचीय, चला ताई." लघवीच्या बाटलीसोबत नवरा येत नाही. "कानाची तपासणी आतल्या खोलीत आहे, पेशंटच फक्त." "तुम्ही तेवढ्यात खिडकीवर पावती करून या." नियम सगळ्यांसाठी आहे असं वाटलं की कुणाला राग येत नाही.

मग मंदाशी बोलायचं. "तुम्हाला घरी त्रास आहे का?" हा प्रश्न दिसायला सौम्य आहे, पण त्याचं उत्तर बहुधा "नाही, तसं काही नाही" असंच येतं, कारण त्रास कुणाला नसतो? "तुमच्यावर अत्याचार होतो का?" हा त्याहून वाईट, अत्याचार पेपरात होतात, आपल्याला तर फक्त मारतात. साधं आणि नेमकं बोलावं: "ताई, असा कान फाटलेल्या बायका आमच्याकडे येतात, तेव्हा कधी कधी कुणी कानाखाली मारलेली असते. तुमच्या बाबतीत तसं झालंय का?" यात तिच्यावर आरोप नाही, नवऱ्यावरही थेट नाही, आणि ती एकटी नाही हे तिला कळतं.

ती "नाही" म्हणाली तर? मग नाही. उलटतपासणी करायची नाही, खोटं पकडायचं नाही. "बरं. पण कधी बोलावंसं वाटलं तर मी सोमवारी आणि गुरुवारी इथेच असते," एवढं सांगून कानाचं औषध द्यायचं. पुष्कळ जणी दुसऱ्या, तिसऱ्या खेपेला बोलतात, आणि ज्याने पहिल्यांदा विचारलं होतं त्याच्याशीच बोलतात.

५. ती 'हो' म्हणाली तर

इथे डॉक्टर गडबडतात. निदान झालं की उपचार सांगायचे, ही त्यांची सवय. म्हणून तोंडून निघतं, "मग सोडून का देत नाही त्याला?" किंवा दुसऱ्या टोकाचं, "दोन भांडी एकत्र आली की आवाज होणारच." दोन्ही वाक्यांनी तिचं तोंड बंद होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत सुमारे ४५ टक्के बायकांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी काही ना काही कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य ठरवलं होतं. डॉक्टर, सिस्टर, वॉर्डातल्या मावशी याच घरांतून येतात. काही जणी स्वतःच मार खाऊन ड्युटीवर आलेल्या असतात.

जागतिक आरोग्य संघटनेने पाच कामं सांगितली आहेत: ऐकून घेणं, तिला आत्ता काय हवंय ते विचारणं, तिच्यावर विश्वास दाखवणं, तिची सुरक्षितता पाहणं आणि पुढच्या मदतीशी तिला जोडून देणं. यांतलं ऐकणं सगळ्यांत सोपं वाटतं आणि सगळ्यांत कमी होतं. विश्वास दाखवायला एक वाक्य पुरतं: "तुम्ही काहीही केलं असेल, तरी मारणं चूकच. यात तुमचा दोष नाही." कित्येकींना हे वाक्य पांढऱ्या कोटातल्या माणसाकडून पहिल्यांदाच ऐकायला मिळतं.

एक गोष्ट मात्र कधीच करू नये. नवऱ्याला आत बोलावून दम भरायचा नाही, दोघांना समोरासमोर बसवून समजूत घालायची नाही. डॉक्टरांना वाटतं आपण संसार सावरला. तो खाली मान घालून "चुकलं साहेब" म्हणतो आणि दार लागल्यावर तिने तोंड उघडल्याची किंमत वसूल करतो.

आणि सोडून का जात नाही? मुलं, पैसा, माहेरची दारं हे सगळं आहेच. पण आणखी एक कारण आहे, जे त्या बायकांना आपल्यापेक्षा नीट कळतं: निघून जाण्याची भाषा केली की धोका वाढतो. तिची भीती अनुभवातून आलेली असते.

६. गळा

धोका किती, हे मोजायला अमेरिकेतल्या परिचारिका आणि संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांनी १९८०च्या दशकात एक प्रश्नावली तयार केली. मार वाढत चाललाय का? हत्यार दाखवलंय का? मारून टाकीन म्हणतो का? पोटुशी असताना मारलं का? पाळत ठेवतो का? यांत एका प्रश्नाला फार वजन आहे: त्याने कधी गळा दाबला का?

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात दिसलं की जिचा गळा आधी दाबला गेला होता, तिचा पुढे त्याच जोडीदाराकडून खून होण्याची शक्यता मार खाणाऱ्या इतर बायकांपेक्षा सुमारे सातपट होती. आणि गळा दाबल्याच्या खुणा अनेकदा दिसतच नाहीत. सॅन दिएगोच्या पोलिसांकडची ३०० प्रकरणं तपासली, तेव्हा अर्ध्यांत मानेवर काहीच दिसत नव्हतं. म्हणून मान नुसती पाहून भागत नाही, विचारावंच लागतं. आवाज बसलाय का, गिळताना दुखतं का, डोळ्यांत लाल ठिपके आहेत का, त्या वेळी डोळ्यांपुढे अंधारी आली होती का, कपड्यांत लघवी झाली होती का? मानेतली रक्तवाहिनी आतून फाटली असेल, तर पक्षाघाताचा झटका कित्येक दिवसांनीही येऊ शकतो. अशा बाईला "घशाला सूज आहे, गुळण्या करा" सांगून पाठवणं म्हणजे ठिणगी पडलेल्या गंजीवर ताडपत्री टाकणं.

"घरी जायला आज भीती वाटते का?" याचं उत्तर हो असेल, तर काही कारण काढून तिला एक-दोन रात्री निरीक्षणाखाली दाखल करता येतं. ती जाणारच म्हणाली तर सोबत बसून ठरवायचं: भांडण पेटलं की स्वयंपाकघरात थांबायचं नाही, शेजारच्या कुणाला काय खूण सांगून ठेवायची, मुलांना कुठे पळायला शिकवायचं, आधार कार्ड आणि थोडे पैसे कुणाकडे ठेवायचे. महिलांसाठीचा १८१ आणि तातडीचा ११२ हे नंबर तोंडपाठ करून घ्यायचे. चिठ्ठीवर लिहून द्यायचे नाहीत. चिठ्ठी पदराच्या गाठीतून सापडते.

७. कागद

चिठ्ठीवरून केस पेपरकडे येऊ, कारण तिथे खरी कसोटी आहे.

कागदावर "कानाला इजा, काडीने" असं लिहिलं, तर दोन वर्षांनी मंदा कोर्टात उभी राहील तेव्हा तिच्या बाजूने काहीच नसेल. त्याऐवजी असं लिहिता येतं: "रुग्ण सांगते की १२ तारखेला रात्री ९च्या सुमारास पतीने उजव्या हाताने डाव्या कानावर दोनदा मारले. डाव्या पडद्याला छिद्र, कडा अनियमित, नळीत खरचटलेले नाही. डाव्या दंडावर ४ × ३ सेंमी वळ." तिचे शब्द, कुणी मारलं, कशाने, कुठे, केवढं. वळाच्या रंगावरून तो किती दिवसांचा हे ठामपणे लिहू नये, तो अंदाज फसवा असतो. "भांडकुदळ वाटते" असले शेरे तर नकोतच.

पण सरकारी दवाखान्यात ओपीडीचा कागद रुग्णाच्या हातात जातो, आणि घरी गेल्यावर तो कुणाच्या हातात पडेल? पुरावा ठेवायला जावं तर बाई धोक्यात येते, बाई जपावी तर पुरावा जातो. यावर वाट आहे: सविस्तर नोंद रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये, एमएलसीच्या कागदात करायची, हातातल्या पेपरवर फक्त औषधं आणि पुढची तारीख. आणि काय कुठे लिहायचं, हे तिला विचारून.

एमएलसी हा शब्द ऐकूनच लोक घाबरतात. ती वैद्यकीय-न्यायिक नोंद असते. एमएलसी झाली म्हणजे नवऱ्यावर गुन्हा दाखल झाला असं होत नाही. मात्र पोलिसांना कळवलं जातं, आणि हे तिला नोंद करण्याआधी सांगायला हवं. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या नियमांप्रमाणे, तिने आधी कुठेही तक्रार केलेली नाही म्हणून दवाखान्याला उपचार नाकारता येत नाहीत. दवाखान्यातूनच घटनेचा अहवाल भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवता येतो, आणि तपासणी अहवालाची प्रत तिला मोफत मिळते. ही प्रत मागायची असते हेच कुणी सांगत नाही.

८. वांद्र्याची एक खोली

"हे सगळं एका डॉक्टरने करायचं?" नाही. २००० साली मुंबई महापालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी मिळून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' नावाचं केंद्र सुरू केलं. सार्वजनिक रुग्णालयाच्या आत, रुग्णालयाचाच विभाग म्हणून चालणारं हे देशातलं अशा प्रकारचं पहिलं केंद्र. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरने, वॉर्डातल्या सिस्टरने ओळखायचं, विचारायचं, नोंदवायचं आणि त्याच इमारतीतल्या समुपदेशकाकडे पाठवायचं. बाईने रस्ता ओलांडून कुठल्या कार्यालयात जायचं नाही. दवाखान्यात आली आणि दवाखान्यातच राहिली, एवढंच घरच्यांना कळतं. पुढे राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानातून मुंबईतल्या आणखी ११ रुग्णालयांत हा नमुना उभा राहिला.

मंदाच्या तालुक्यात असं केंद्र नाही. जिल्ह्याला 'सखी' वन स्टॉप सेंटर आहे, पण एसटीने दीड तास लागतो, आणि दीड तासाची गैरहजेरी घरी सांगावी लागते. अशा वेळी वैद्यकशास्त्र स्वतःच एक सोय करून देतं. फाटलेला पडदा बहुधा आपोआप भरतो, पण त्याला काही आठवडे लागतात, आणि तोवर कानात पाणी जाऊ द्यायचं नसतं. म्हणजे पुन्हा बोलवायला डॉक्टरांकडे खरंखुरं कारण आहे. केस पेपरवर तारीख लिहिताना ते दाराकडे बघत, नवऱ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात: "महिन्याने पडदा बघावा लागेल. मध्ये पंधरा दिवसांनी एकदा सिस्टरला कान दाखवून जायचा, त्याला तुम्ही कामधंदा सोडून यायची गरज नाही."